पहिल्यांदाच प्रचारात उतरताय? एक बूथ घ्या

२०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी तरले. बेलापूरची जागा ३७७ मतांनी ठरली. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यात अंतर राहिलं ४८ मतांचं. महाराष्ट्रात मतदारसंघ २८८ आणि मतदान केंद्रं एक लाखाहून थोडी जास्त, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे बूथ. मालेगावचा फरक या हिशोबाने वाटला तर दोन बूथमागे जेमतेम एक मत येतं.

नवीन पोरंपोरी प्रचारात येतात ती बहुतेक सभेच्या, रॅलीच्या, रीलच्या ओढीने. तेही लागतं, पण ते करायला माणसं मिळतात. नोकरीधंदा सांभाळून, पदरचा वेळ खर्चून एखाद्या उमेदवारासाठी राबायचं असेल, तर सगळा मतदारसंघ डोक्यावर घेऊ नका. एक बूथ घ्या. शक्यतो तुमचं स्वतःचं नाव जिथल्या यादीत आहे तोच. पुढचं सगळं त्या एका बूथपुरतं आहे, आणि विधानसभा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. ग्रामपंचायत, झेडपी, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले नमुने आणि मुदती वेगळ्या असतात, त्या वेळी तहसीलमध्ये विचारून घ्या.

आधी उमेदवाराकडून लेखी घ्या

हे कुणीच सांगत नाही, म्हणून पहिलं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १७६, दंड दहा हजारांपर्यंत. कायद्याने सूट ठेवली आहे ती दहा रुपयांची, आणि तेवढ्या खर्चालाही दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता घ्यायची! दहा रुपयांत हल्ली कटिंग तरी येतो का, हा प्रश्न संसदेला पडलेला दिसत नाही. तेव्हा उत्साहाच्या भरात स्वतःच्या खिशातून शंभर पत्रकं छापून मोकळे होऊ नका. उमेदवाराकडून किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीकडून दोन ओळींचं पत्र घ्या: अमुक बूथवर काम करण्यास व अमुक रकमेपर्यंत खर्च करण्यास परवानगी.

विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख. तुम्ही बूथवर पाजलेला चहासुद्धा त्यात धरला जातो. चहा, वडापाव, जेवणाचं ताट, खुर्ची, मंडप, सगळ्याचं दरपत्रक जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवतं आणि निरीक्षकांची माणसं त्याच दराने स्वतंत्र नोंद ठेवतात. म्हणून एक वही घाला. तारीख, काय आणलं, किती, बिल. रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो उमेदवाराच्या हिशोबनिसाला पाठवून द्या. कंटाळवाणं काम आहे, पण ज्या कार्यकर्त्याचा हिशोब चोख असतो त्याचं ऑफिसात ऐकलं जातं, हा अनुभव कुठल्याही पक्षात येईल.

यादी: अर्धं काम इथेच

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तुमच्या यादीभागाची पीडीएफ मिळते. ती छापून घ्या, मोबाइलवर वाचायच्या भानगडीत पडू नका. हजार-बाराशे नावं असतात. एका रविवारी आळीतल्या दोन जाणत्या माणसांना बसवा. एखादी अंगणवाडीत काम केलेली ताई, रेशन दुकानात बसणारे एखादे अण्णा, ज्यांना घराघरांतली माणसं माहीत असतात असे. आणि पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत वाचत चला.

छापील यादीचा क्रम जमिनीवरच्या घरांशी क्वचितच जुळतो. एकाच आडनावाची चाळीस घरं, घर क्रमांकाच्या रकान्यात कुठे शून्य तर कुठे भलताच आकडा. म्हणून वाचताना प्रत्येक नावापुढे आळी किंवा बिल्डिंग लिहा आणि मग त्या क्रमाने स्वतःची वही तयार करा. या वहीशिवाय घरोघर फिरणं म्हणजे पायपीट.

वाचतानाच चार गोष्टी वर येतात. वारलेली माणसं. दोनदा लागलेली नावं. लग्न होऊन सासरी गेलेल्या, पण नाव माहेरच्याच यादीत राहिलेल्या मुली. आणि याच्या उलट, घरात दोन वर्षं नांदणाऱ्या सुना, ज्यांचं नाव इथे आलेलंच नाही. सुनांची नावं हा मोठा साठा असतो, आणि बहुतेक पॅनेलवाले तिकडे बघतही नाहीत. जिचं नाव माहेरी आहे तिला नमुना ८ भरून पत्ता बदलायचा. कुठेच नाव नाही तिला, आणि नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या पोरांना, नमुना ६. वयाची गणना आता वर्षातून चारदा होते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. पूर्वी एकच तारीख होती. फेब्रुवारीत अठरा पूर्ण झालेल्याला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागायचं.

मुदत लक्षात ठेवा. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नवं नाव लागत नाही. आणि अर्ज दिल्यावर पडताळणीला, हरकतींना वेळ जातो, म्हणून त्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोहोचलेला हवा. तुमच्या बूथचा बीएलओ, म्हणजे यादी सांभाळणारा सरकारी माणूस, कोण ते शोधा. बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करतात. त्यांच्याशी नीट बोला. त्या तुमच्या पक्षाच्या नाहीत आणि विरोधकाच्याही नाहीत, हे डोक्यात असू द्या.

नाव वगळण्यासाठी नमुना ७ असतो. त्याचा वापर विरोधी आळीतली नावं उडवायला करा असा सल्ला देणारे भेटतील. करू नका. अर्जावर सही तुमची असते, आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद आहे.

दारात काय बोलायचं

दोघांनी जायचं, आणि दोघांत एक बाई असावी. दुपारी घरात बायका एकट्या असतात. दोन अनोळखी पोरं दारात उभी राहिली तर आतली कडी निघत नाही. गावात संध्याकाळी धारा काढून झाल्यावर, शहरात रविवारी अकरा ते एक. सोसायटी असेल तर आधी सेक्रेटरींशी बोला, वॉचमनशी हुज्जत घालून आत शिरलेल्या प्रचारकाला कुणी मत देत नाही.

दार उघडलं की पहिलं वाक्य उमेदवाराचं नसावं.

"कोण रे तू?"

"आजी, मी खालच्या आळीतल्या सुतारांचा नातू. यादीत नावं नीट आहेत का बघायला आलोय. तुमच्या घरात पाच दिसतायत, बरोबर?"

"पाच कुठले, थोरला वारला की मागल्या आषाढात. आणि धाकटीचं नावच नाय."

झालं, बोलणं सुरू झालं. यादी हे दारात उभं राहायचं सगळ्यात चांगलं निमित्त आहे, कारण त्यात समोरच्याचं काम असतं. मग पाणी, मग चहा, मग रस्त्याचं रडगाणं. ऐका. मध्येच आपल्या उमेदवाराचं गाणं सुरू करू नका. निघताना एकच सांगा: तुम्ही स्वतः या माणसाला मत का देणार आहात. पक्षाच्या पत्रकातलं नको, तुमचं कारण. "आमच्या पाणंदीसाठी हा माणूस तीनदा तहसीलला आला होता" हे वाक्य जाहीरनाम्याच्या सोळा पानांवर भारी पडतं.

वाद घालायचा नाही. "आम्ही आमच्या त्यांनाच" असं कुणी म्हटलं तर "बरं काका, मतदानाला मात्र नक्की जा" म्हणून पुढचं घर. बाहेर पडल्यावर, दारात उभं राहून नव्हे, वहीत खूण करायची. तीन खुणा पुरतात: आपला, कुंपणावरचा, दुसऱ्याचा. नवखा कार्यकर्ता हसून चहा पाजणाऱ्या प्रत्येकाला "आपला" लिहितो. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणायची पद्धत नाही, "बघू की", "तुम्ही काय परके का" यांचा अर्थ कुंपणावरचा असाच लावा. बूथवर चारशे "आपले" लिहायचे आणि मोजणीला दीडशे निघायचे, ही गोष्ट दर निवडणुकीत कुठे ना कुठे घडते.

जातीच्या, धर्माच्या नावावर मत मागू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये तो भ्रष्ट आचार आहे आणि त्यावरून निवडून आलेल्याची आमदारकी जाते. तुम्ही व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केलेला एक मेसेज कोर्टात उमेदवाराला जड जाऊ शकतो.

बाहेरगावी गेलेल्यांचं पान वेगळं करा. कोकणात चाकरमानी, साताऱ्या-सांगलीच्या गावांतून मुंबई-पुण्याला गेलेले, बीडकडून उसाच्या फडावर गेलेल्या टोळ्या. गेल्या वेळी मतदान २० नोव्हेंबरला होतं, ऐन ऊसतोडीच्या तोंडावर. या लोकांना आठवडाभर आधी फोन करा, घरच्यांकरवी करा. पण गाड्या करून माणसं आणायच्या फंदात पडू नका. मतदाराला भाड्याच्या गाडीने केंद्रावर फुकट नेणं-आणणं हाही कलम १२३ मधला भ्रष्ट आचार आहे.

पंच्याऐंशीच्या पुढचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार घरूनच मत देऊ शकतात. त्यासाठी नमुना १२ डी, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. मुदत इतकी थोडी आहे की ही नावं आधीच वेगळी काढून ठेवावी लागतात. ज्यांनी हा अर्ज भरला त्यांना मग केंद्रावर मत देता येत नाही, हेही घरच्यांना सांगा.

चिन्ह शिकवा, चिन्हाची जागाही शिकवा

२०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मशीनवर एका अपक्षाला पिपाणी मिळाली होती, आणि त्या अपक्षाला ३७ हजारांहून जास्त मतं पडली. ती सगळी चुकून गेली असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण त्यानंतर महाराष्ट्रातल्या कुठल्याही कार्यकर्त्याने "चिन्ह काय, सगळ्यांना माहीत आहे" असं म्हणू नये.

मशीनवर नावं कशी लागतात ते समजून घ्या. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसते नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात वर्णानुक्रम. एका यंत्रावर नोटा धरून सोळा बटणं. म्हणजे तुमचा उमेदवार अपक्ष असेल तर त्याचं नाव बहुधा खालच्या बाजूला, कधी कधी दुसऱ्या यंत्रावर. "वरून अकरावं बटण" हे घरोघर सांगावं लागतं. डमी मतपत्रिका दाखवली की वयस्कर माणसांना पटकन कळतं.

अपक्षाला वेळही थोडा. चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. २०२४ ला भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली, माघार आणि चिन्हवाटप ४ ला, प्रचार बंद १८ ला संध्याकाळी. दोन आठवडे. त्या दोन आठवड्यांत यादी वाचत बसलात तर संपलंच, म्हणून यादीचं काम दिवाळीआधी.

पत्रक छापलं तर त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. कुणाच्या भिंतीवर काही लावायचं तर मालकाची लेखी परवानगी. कोपरा सभेला, भोंग्याला, गाडीला परवानगी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद.

शेवटचे ४८ तास

मतदान संपण्याच्या वेळेआधी ४८ तास जाहीर प्रचार थांबतो. सभा, मिरवणूक, भोंगा, एकगठ्ठा एसएमएस, सगळं बंद. घरोघर जाऊन भेटता येतं. मात्र जे त्या मतदारसंघाचे मतदार नाहीत आणि प्रचारासाठी बाहेरून आलेत, त्यांनी मतदारसंघ सोडायचा. पुण्याहून मदतीला आलेल्या मित्रांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पोलीस लॉजवर येतात तेव्हा फार वाईट दिसतं.

याच रात्री लक्ष्मीदर्शन, म्हणजे मतांसाठी पैसेवाटप, होतं. तुमच्या बाजूने होत असेल तर तुम्ही त्यात नसा. देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार, वर्षभरापर्यंत कैद. समोरून होत असेल तर हाणामारीला जाऊ नका. सी-व्हिजिल अॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका, तक्रार शंभर मिनिटांत निकाली काढायची असते. दिलेल्या पैशांनी मतं किती फिरतात यावर माझा फारसा विश्वास नाही. पण त्या रात्री आपले कार्यकर्ते पाकिटांच्या मागे धावत राहतात आणि सकाळी केंद्राबाहेरच्या टेबलावर माणूस नसतो, हे नुकसान नक्की.

या दोन दिवसांचं खरं काम मतदार चिठ्ठ्या वाटणं. भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्राचं नाव, खोली. तुमची चिठ्ठी पांढऱ्या कागदावर हवी; तिच्यावर उमेदवाराचं नाव नको, चिन्ह नको, पक्ष नको. चिठ्ठी हे ओळखपत्र नाही, हेही सांगा. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड असं काहीतरी बरोबर हवं.

मतदानाचा दिवस

दोन जागा सांभाळायच्या असतात: आत एजंट आणि बाहेर टेबल.

एजंट त्याच बूथचा मतदार असलेला बरा, कारण त्याला चेहरे माहीत असतात. नमुना १० वर उमेदवाराची किंवा निवडणूक प्रतिनिधीची सही घ्या. एक एजंट आणि दोन बदली नेमता येतात, आत एका वेळी एकच. मतदान सातला सुरू होत असेल तर एजंट साडेपाचला केंद्रावर हवा, कारण मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, होतं. निदान पन्नास मतं टाकून पाहतात, बेरीज जुळवतात, मग क्लिअर दाबून यंत्र शून्यावर आणतात आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मताची पावती छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करतात. क्लिअर दाबलं आणि शून्य दिसलं, हे एजंटने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक लिहून घ्यायचे. पंधरा मिनिटं वाट पाहून ते तुमच्याशिवाय सुरू करतात, तेव्हा झोप लागली ही सबब चालत नाही.

आत भांडायचं नाही. एखादा माणूस तो नव्हेच अशी खात्री असेल तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आणि खऱ्या मतदाराच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर त्याला घरी पाठवू देऊ नका. त्याला प्रदत्त मत देता येतं, कागदी मतपत्रिकेवर. कोणी मत दिलं, कोणी नाही याच्या चिठ्ठ्या आतून बाहेर पाठवायच्या नसतात. मोबाइलही आत न्यायचा नाही.

टेबल केंद्रापासून शंभर मीटरच्या बाहेर; २०२४ पर्यंत ही मर्यादा दोनशे मीटर होती. एक टेबल, दोन खुर्च्या, सावलीपुरतं कापड. स्थानिक संस्थेची लेखी परवानगी खिशात. शंभर मीटरच्या आत मत मागणं हा गुन्हा, गळ्यातला पक्षाचा पट्टासुद्धा काढून जायचं.

टेबलावर यादीशी झटापट न करता नाव सापडवणारा माणूस बसवा. मोठ्या आवाजाचा नको, जलद बोटांचा. मावशी येतात, म्हणतात "माझं नाव बघ", नाव सांगतात ते हाक मारायचं. यादीत असतं भलतंच. इथे तुमची आळीवार वही कामाला येते: घर कुठलं विचारलं की नवऱ्याच्या नावाखाली सापडतं. नाव सापडलं की वहीत टिक. चिठ्ठी घ्यायला टेबलावर आलेल्यांची ही टिक हाच तुमचा दिवसभराचा हिशोब, कारण आतून काही कळणार नसतं.

साडेदहाला पहिली मोजणी करा. "आपला" खूण असलेले किती आले, किती राहिले. दुपारी एकला दुसरी. राहिलेल्यांची नावं आळीप्रमाणे तिघाचौघांत वाटून घ्या आणि घरी जा. गेल्या विधानसभेला राज्यात ६६ टक्के मतदान झालं, म्हणजे तिघांतला एक घरीच राहिला. त्यातले बरेच विरोधात नव्हते. रानात होते, पाहुणे आलेले होते, रांग मोठी आहे असं कुणीतरी सांगितलेलं होतं. तीन ते पाच ही वेळ सगळ्यात महत्त्वाची आणि नेमके त्याच वेळी कार्यकर्ते जेवून पेंगत असतात. जेवणाच्या पाळ्या लावा.

सहाला जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. केंद्रावरचे कर्मचारी रांगेच्या शेवटाकडून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत येतात. "वेळ संपली, जा" असं कुणी म्हणालं तर माणसांना हलू देऊ नका.

मतदान संपल्यावर एजंटने नमुना १७ क ची प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. त्यावर त्या यंत्रात एकूण किती मतं पडली ते केंद्राध्यक्षाच्या सहीने असतं. दिवसभर सगळं नीट करून शेवटी हा कागद न घेताच भेळ खायला गेलेले एजंट असतात.

मोजणी आणि नंतर

मोजणीला बसणाऱ्यांना नमुना १८ लागतो. सकाळी आठला टपाली मतं, मग यंत्रं, साधारण चौदा टेबलं. तुमच्या बूथचं यंत्र उघडलं की एकूण आकडा १७ क च्या प्रतीशी ताडून पाहा आणि आपल्या उमेदवाराची मतं लिहून घ्या. मतदारसंघातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट पावत्याही मोजतात, तिथपर्यंत थांबा.

जिंकलात तर गुलाल जपून. २०२४ ला चंदगड मतदारसंघात विजयी उमेदवाराचं औक्षण चालू असताना गुलालाने पेट घेतला आणि माणसं भाजली. जेसीबीतून गुलाल आणि खाली आरतीचं ताट, हे एकत्र नको.

हरलात किंवा जिंकलात, निकालापासून तीस दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. न दिल्यास तीन वर्षं अपात्र ठरवता येतं. मंडपवाला, चहावाला, झेरॉक्सवाला यांची बिलं पहिल्याच आठवड्यात गोळा करून द्या. आळीवार वहीत मिळालेली मतं आणि तुमच्या "आपला" खुणा शेजारी शेजारी लिहा, किती फरक पडला ते बघा, आणि वही उमेदवाराच्या ऑफिसात देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ वही तुमच्याकडेच राहू द्या, झेडपीला लागेल.